तळमजल्याची ओल

माळावरच्या वारुळात मुंग्यांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मुकादम मुंगळ्याने पुढच्या वीस पावसाळ्यांचा आराखडा केला. वर सात मजले चढवायचे होते. ज्याची हरकत असेल त्याने सात दिवसांत शिखरावर येऊन सांगावं, अशी दवंडी पिटली.

तळाशी अंडी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या चिमीच्या हाताला भिंत रोज अधिक ओली लागे. तिने निरोप धाडला, "मुकादम, पाया भिजतोय. जरा खाली येऊन बघा."

"नियमाप्रमाणे तिनेच वर यावं," मुकादम म्हणाला.

अंडी टाकून ती जाणार कशी? एकही हरकत आली नाही म्हणून आराखडा मंजूर झाला.

सातवा मजला चढला आणि वारूळ हळूच कललं. मुकादम पहिल्यांदाच तळाकडे धावला.

"चिमे, आहेस का गं?" त्याने अंधारात विचारलं.

खालून फक्त पाणी बुडबुडलं.