तुकाप्पाने जुन्या कॉम्प्युटरला नवं कार्ड बसवलं

बेलखिंडीत एक भोळा फोटोवाला राहायचा. नाव तुकाप्पा. इतका भोळा, की लोकांना "हलू नका" म्हणायचा आणि स्वतःच श्वास रोखून उभा राहायचा.

वैशाखात त्याच्या मेहुणीचं, हौसाचं लग्न झालं. शूटिंग तुकाप्पानेच केलं. पण त्याचा कॉम्प्युटर म्हातारा. फिल्म लावली की नवरी एक पाऊल टाकायची नि तिथंच थिजायची! आणि रविवारी सासूबाई फिल्म बघायला येणार होत्या.

बायको यमुना म्हणाली, "माझ्या आईसमोर शोभा करू नका हं. लग्नाची ही एवढीच फिल्म आहे, दुसरी कॉपी नाही."

तुकाप्पा कॉम्प्युटर उचलून तालुक्याला गेला. तिथं शब्बीरभाईंचं दुरुस्तीचं दुकान.

"भाई, फिल्म थिजते. जुन्या मदरबोर्डावर चित्र पळवणारं नवं ग्राफिक्स कार्ड चालतं का हो?"

"चालतं की. खाच तीच असते. थोडं दमानं चालेल, एवढंच."

झालं! तुकाप्पाने बाजारातलं सगळ्यात झकास कार्ड आणलं. ते कॉम्प्युटरच्या पेटीबाहेर वीतभर आलं.

भाईंनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, आणण्याआधी माप घ्यावं!"

मग लहान कार्ड आणलं. बसलं, पण त्याला वीज पुरेना. भाई म्हणाले, "नवा पॉवर सप्लाय आण." तुकाप्पाने टेप लावून जुन्याचं माप घेतलं. सूतभर इकडे नाही की तिकडे नाही, असा सप्लाय आणला. बटण दाबलं, पंखा दोनदा फिरला आणि सगळं गार.

"माप कसलं घेतोस? ताकद बघावी! दणकट आणावं!"

दणकट सप्लाय आला. आता कार्ड आवळायला एक स्क्रू हवा होता. स्वारी थेट ट्रॅक्टरच्या गॅरेजात. अंगठ्याएवढा बोल्ट घेऊन हजर!

"एकदम दणकट, भाई. नांगर मोडेल, पण हा नाही."

"अरे, नवं कशाला आणतोस? जुन्यातलंच काढून लावावं!"

भाईंनी जुनाच स्क्रू लावला. राहिला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम. तुकाप्पाने घरच्या माळ्यावरून दहा वर्षांपूर्वीची सीडी काढून आणली. पडद्यावर नुसत्या रेघा.

भाई देवमाणूस, पण आता त्यांचाही आवाज चढला. "नव्याला नवंच लागतं रे! जुनं आधी पुसून टाकावं, मग नवं घालावं. एवढं तरी डोक्यात ठेव!"

शेवटी भाईंनीच ड्रायव्हर घातला. लग्न लावून पाहिलं. हौसा झपझप चालत बोहल्यावर पोचली. तुकाप्पाला आनंदाने रडूच आलं. घरी जाताना तो सारखा पुटपुटत होता, "जुनं पुसावं, नवं घालावं."

रविवारी सासूबाई आल्या. हौसा आली, तिचा नवरा आला. शेजारीपाजारी सतरंजीवर दाटीने बसले. तुकाप्पाने ऐटीत बटण दाबलं. पडदा लख्ख उजळला. त्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"अहो, लग्न कुठंय?" यमुनाने विचारलं.

"पुसलं की! वैशाखातलं होतं, जुनं. नव्या कार्डाला नवंच लागतं."

यमुना मटकन खाली बसली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

तुकाप्पाने कॅमेरा गळ्यात अडकवला. हौसाच्या हातात हार दिला. मग तिच्या नवऱ्याकडे पाहिलं आणि वैतागून सासूबाईंना म्हणाला,

"काय हो मामी! लग्न नवं करायचं, आणि नवरा जुनाच घेऊन आलात?"