पाणसऱ्याचा रुसव्याचा दगड

दिवस मावळायला दोन घटका उरल्या होत्या, तेव्हा हे सगळं सुरू झालं, असं पाणसऱ्याची जाणती माणसं सांगतात. कृष्णेच्या पैलतीरावर तो सपाट काळा दगड दिसतो ना, पाहुणे आले की आधी त्याचंच विचारतात. तो रुसव्याचा दगड.

तेव्हा पूल नव्हता, नाव होती. येसू तान्ह्या बाळाला घेऊन माहेराहून पाणसऱ्याला निघाली होती. न्यायला सासरची नावभर माणसं आलेली, त्यात थोरली नणंद भागीरथी. आदल्या दिवशी बारसं झालं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण भागीरथी परसात फुलं तोडत राहिली आणि मुहूर्त टळेल म्हणून येसूच्या मावशीनंच 'केशव' म्हणून टाकलं. झालं. तेव्हापासून भागीरथीनं तोंड उघडलं नाही. काठावर आली तीही नदीकडं पाठ करून त्या दगडावर बसली.

नावेत सामान चढायला लागलं. पाळणा, टोपल्या, गुळाची ढेप. येसूनं बाळ जावेकडं दिलं, जावेनं चुलतसासूकडं, आणि चुलतसासूनं, हात मोकळे दिसले म्हणून, भागीरथीच्या मांडीवर. पाणसऱ्यात बाळ असंच हातोहात फिरतं. कुणाकडं तरी आहेच, असं ज्याला त्याला वाटतं. नाव सुटली. भागीरथीनं हाक मारायला हवी होती, पण रुसलेल्या माणसानं आधी कसं बोलायचं?

मधल्या धारेत येसूनं बाळ घ्यायला हात पुढं केले.

"बाळ कुणाकडं आहे?"

"मी भागीरथीकडं दिलं," चुलतसासू म्हणाली.

"आणि वन्सं कुठं आहेत?"

जावेनं मागं काठावरच्या दगडाकडं बोट दाखवलं. वर कुठंतरी पाऊस झाला होता, पाणी चढत होतं. म्हादू नावाडी म्हणाला, "आता वळणं धोक्याचं हाय. आधी आपला काठ गाठू."

"वळवा मामा, नाहीतर मी इथंच उतरते," येसू म्हणाली. म्हादूनं वळवली.

दगडाला चहूकडून पाणी लागलं होतं. म्हणे वर मात्र थेंब चढला नाही. भागीरथी तशीच पाठमोरी, बाळ पदरात गुंडाळून छातीशी धरलेलं.

"आली का आठवण?"

"बाळाची आली, वन्सं. तुमचीही यायला हवी होती." येसू पाण्यात उतरून तिच्या पायाशी वाकली. "नाव तुम्हीच ठेवा. कालचं कुणी ऐकलंच नाही असं समजा."

भागीरथीनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं, बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "केशव."

"अगं बाई, मग कालपासून..." जाऊ बोलायला गेली. चुलतसासूनं तिला चिमटा काढला.

म्हादूनं तिथंच कृष्णामाईची शपथ घेतली, की रुसलेल्या माणसाला मागं ठेवून नाव सोडणार नाही.

आजही पाणसऱ्याचं वऱ्हाड असो की जत्रेची गाडी, निघताना वडीलधारं माणूस विचारतं, "रुसलंय का कुणी?" कुणी गप्प बसलं, तर सगळे खाली उतरून त्याची समजूत काढतात. म्हणून हे गाव कुठंच वेळेवर पोचत नाही. तर बायांनो, तुम्हीही निघताना एकदा विचारा, आणि भेटेल त्या लेकुरवाळीला हे सांगा.