कोपीचं दार

"मग माझं नाव कधी लागणार, अण्णा?"

अंकुशने हे विचारलं तेव्हा अण्णा चुलीवर लाकूड चिकटवायचा सरस ढवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"अण्णा, मी काहीतरी विचारतोय."

"ऐकलं की."

"मग?"

"सरस करपंल. थांब जरा."

जिनाप्पा अण्णा म्हणजे आमच्या कोल्हापुरातले छोट्या इमारतींचे मिस्त्री. खऱ्या इमारतीचं माप घ्यायचं आणि लाकूड, पुठ्ठा, बांबू, जे हाताला लागेल त्यातून तीच इमारत टेबलावर मावेल एवढी उभी करायची. बाजारातून तयार काही आणायचं नाही. खिडकीची कडीसुद्धा इथंच बनायची. मी त्यांच्याकडे रंगाचं काम करतो. अंकुश जोडणीचं करायचा, आणि खोटं कशाला बोलू, असा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. डोक्यात हवाही तेवढीच.

नाव लागणं म्हणजे इमारतीच्या पायाशी, लाकडी पाटावर कोरलेलं नाव. आमच्याकडच्या प्रत्येक कामावर अण्णांचं नाव असतं. शिष्य तयार झाला असं वाटलं की अण्णा स्वतःची कोरणी त्याच्या हातात देतात. मग पुढं त्याचं नाव. मी पडलो रंगारी, त्यामुळे मला ती मिळायचा प्रश्नच नव्हता. अंकुश मात्र वर्षभर त्या कोरणीवर डोळा ठेवून होता.

तेव्हा आमच्याकडे एका साखर कारखान्याचा देखावा आला होता. त्यांच्या स्वागताच्या दालनात काचेत ठेवायचा. चिमणी, गाळपाची मोठी शेड, बैलगाड्यांचं आवार, सगळं हवं होतं.

"चिमणी आणि शेड मी करतो," अंकुश म्हणाला. "ते बघा आणि नावाचं ठरवा."

"चिमणी काय, हा रंगारी बी करंल."

मला राग आला, पण गिळला.

"तू कोपी कर," अण्णा म्हणाले.

कोपी म्हणजे ऊसतोड कामगारांची झोपडी. बांबू वाकवायचे, वर चटई आणि उसाचं पाचट टाकायचं, की झालं घर. हंगामभर त्यात राहायचं, मग मोडून गावाकडं जायचं. देखाव्यात कडेला एक कोपी असावी असं कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं होतं. शोभेला.

अंकुशचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, अपमान झाला म्हणून.

"ती काय इमारत आहे, अण्णा?"

"छप्पर हाय?"

"आहे."

"दार हाय?"

"आहे…"

"मग झाली की इमारत."

"मी कोपी कधी बघितलेली नाही."

आता कुठं अण्णांनी मान वर केली.

"बघितली न्हाईस?"

"नाही."

"बरं… मग अंदाजानं कर."

अंकुश बीडकडचा. वडील काय करतात विचारलं की "साखर कारखान्याला असतात" एवढंच सांगायचा. आम्ही समजायचो, असतील कारकून. घरचं माणूस कधी इकडं फिरकलं नाही. आणि बोलणं असं शुद्ध, की बाजूला रेडिओ लागलाय असं वाटावं.

तो कामाला बसला. एरवी बसला की तोंडाची टकळी चालू असायची. अण्णांचं काय चुकतं, माझा रंग कुठं फसला, सगळं त्याला दिसायचं. या वेळी चकार शब्द नाही. आणि एक गोष्ट मला खटकली. मापाची पट्टी त्याच्या शेजारी पडून होती, तिला त्याने हात लावला नाही.

झाल्यावर त्याने कोपी अण्णांपुढं ठेवली.

"घ्या. झाली."

अण्णांनी ती उचलली. डोळ्यांपाशी नेली, दारातून आत बघितलं. आत तीन दगडांची चूल होती. वाशाला फडक्याची झोळी बांधलेली होती, पोराला निजवायची. काचेबाहेरून यातलं काही दिसणार नव्हतं.

सांध्यांना सरस नव्हता. सगळे सांधे दोऱ्याने बांधले होते.

"ही गाठ कुणी शिकवली? आपल्यात न्हाई ही गाठ."

"अंदाजानं घातली."

"अंदाज चांगलाय तुझा."

मग अण्णांनी खिशातून पाहुणा काढला.

पाहुणा म्हणजे बोटाच्या पेराएवढा लाकडी माणूस, देखाव्याच्या मापाचा. काम पुरं झालं की अण्णा पाहुण्याला दारातून आत घालतात. जायला हवा तिथं अडला, किंवा अडायला हवा तिथं सुटला, की माप चुकलं. चुकलेलं काम चुलीत. मागं अंकुशचा घड्याळाचा मनोरा असाच गेला. पायरी कागदाच्या जाडीएवढी उंच झाली होती, बास. त्या दिवशी अंकुश जेवला नाही. अण्णाही जेवले नाहीत, पण ते त्याला माहीत नाही.

पाहुणा कोपीच्या दारातून ताठ आत गेला.

मी ब्रश खाली ठेवला. कोपीत कुणी ताठ जात नाही हो. रस्त्यानं जाता-येता मी बघितलंय, माणूस जवळजवळ रांगतच आत शिरतो.

अण्णांनी पाहुणा बाहेर काढला. परत घातला. परत ताठ.

"वासे मापात हाईत. चटई, चूल, झोळी, सगळं मापात. दारच तेवढं उंच. चुकलं?"

"नाही."

"मग?"

अंकुश चुलीकडं बघत होता.

"टाकायची तर टाका," तो म्हणाला. "दार कमी करणार नाही."

"नाव जाईल लेका."

"जाऊ द्या."

मी चाटच पडलो. ज्या नावासाठी हा गडी अण्णांच्या मानगुटीवर बसला होता, ते एका झोपडीच्या दारापायी सोडायला निघाला!

"का रं पोरा?" अण्णा अगदी हळू म्हणाले.

भांड्यात सरस रटरटत होता.

"माय…" अंकुश म्हणाला आणि थांबला.

आमच्यापुढं तो नेहमी 'आई' म्हणायचा.

"माय दिसभर उसात वाकलेली राहायची. सांजच्याला पाणी आणायची, डोक्यावर हंडा. दारापाशी हंडा उतरवायचा, वाकायचं, आत शिरायचं, मग हंडा आत वढायचा. रोज तेच. मग कंबर धरून बसायची. झोळीत बहीण रडायची, तरी तिला उठता यायचं नाही…"

त्याने नाक पुसलं.

"मी म्हणायचो, माय, मोठा झालो की असं घर बांधतो, का तू हंड्यासगट आत येशील. ती हसायची. अन् मी इथं सांगितलं, कोपी बघितलीच नाही म्हणून."

तो रडला. हमसून हमसून रडला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. धुतलेलेच ब्रश मी परत धुवायला घेतले.

"आता कुठं असती माय?"

"तिथंच. ह्याच कारखान्याच्या फडात ऊस तोडती. बाप बी."

"देखावा बघायला येणार?"

"मीच नको म्हणलं… साहेब लोक राहतेत तिथं."

अण्णा कोपी घेऊन उठले आणि चुलीपाशी गेले. अंकुशने डोळे मिटून घेतले. खरं सांगतो, मीही तोंड फिरवलं.

चर्रर्र आवाज आला.

बघतो तर अण्णांनी सरसाचं भांडं उतरवून ठेवलं होतं आणि चुलीत तांब्याभर पाणी ओतलं होतं. खोलीभर धूर झाला. अण्णा खोकत खोकत मांडलेल्या देखाव्यापाशी गेले. कडेची जागा सोडून त्यांनी कोपी चिमणीच्या पुढं ठेवली, दार बघणाऱ्याकडं करून.

मग कमरेची कोरणी काढली आणि अंकुशच्या हातात दिली.

तो नुसता तिच्याकडं बघत राहिला. एवढं मागत होता, आणि मिळाल्यावर मूठ मिटेना त्याची.

"मी जातो मायला आणायला," तो म्हणाला. "देखाव्याच्या उद्घाटनाला संगं घेऊन येतो."

अण्णांनी मान हलवली.

"पण अण्णा… ते साहेब कागद घेऊन येतेत, सगळं मोजून बघतेत. दार एवढं उंच कसं म्हणून विचारलं, तर काय सांगू?"

अण्णांनी पाहुण्याला कोपीच्या दारात ताठ उभा केला. वाकून त्याच्याकडं नीट बघितलं.

"सांग, हे दार मापात हाय. तिकडं फडातली चुकल्यात."