कांडेपरीचे तीन मणी

ऐकताय ना? हातातला लाडू खाली ठेवा, कान इकडे करा, मग सांगते!

केतकनगराच्या कडेला बांबूचं हिरवंगार बेट होतं. बेटाला लागून बुरूडआळी, आणि आळीच्या टोकाला सगुणाचं इवलंसं घर. वडील नव्हते. आई दिवसभर सुपं-टोपल्या विणायची, बोटं चिरायची, तरी चुलीवर कधी भाकरी तर कधी नुसती पेज. सगुणा मोठी गुणी पोर, पण चार माणसं समोर आली की तिची बोबडीच वळायची. तोंडातून ब्र निघायचा नाही!

एके दिवशी दवंडी आली. "ऐका हो ऐका! आजपासून आठव्या दिवशी बांबूच्या बेटाला राणीसाहेबांचं कुंपण पडणार!"

आळीत रडारड झाली. बेट गेलं तर विणायचं काय आणि खायचं काय? राणीपुढे गाऱ्हाणं मांडता यायचं, पण त्या नगराची रीतच न्यारी. राणीचा पोपट हिरोजी ज्याच्या डोक्यावर बसेल, त्यानंच बोलायचं! हिरोजी भिरभिरत आला, म्हाताऱ्या लखूबाबांच्या पागोट्यावरून गेला, आणि बसला कुठे? सगुणाच्या डोक्यावर!

"बुडालो रे बुडालो!" लखूबाबांनी कपाळावर हात मारला. "ही तर तोंडच उघडत नाही!"

डोळे पुसत, कोयता घेऊन सगुणा बेटात गेली. तोडण्याआधी बांबूवर टकटक करायची तिची सवय होती. आत कुणाचं घरटं-बिरटं असलं तर? एका सरळसोट, सोनेरी बांबूवर तिनं टकटक केलं.

"कोण आहे?" आतून नाजूक आवाज आला.

अगं बाई! कांडं उघडलं आणि बोटाएवढी परी बाहेर डोकावली. पोपटी पंख, कोवळ्या पानाचा झगा, केसांत दवाचे थेंब लुकलुकताहेत!

"मी कांडेपरी. सगळे येतात आणि खटाखट कोयता चालवतात. तू मात्र विचारलंस! माग काय हवं ते."

"मला राणीसाहेबांपुढे बोलता येऊ दे गं!"

परीनं तिच्या तळहातावर तीन मातकट मणी ठेवले. "तिन्ही उजळले की बोलशील. पण नियम आहे हं! ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याचं पुरतं ऐकायचं. मधे तोंड घालायचं नाही. एका ऐकण्याला एक मणी."

"अगं, मी मागितलं बोलणं आणि तू ऐकायला लावतेस?"

"लावते तर!" म्हणत परी खुदकन हसली आणि कांड्यात गडप झाली.

सगुणा आधी लखूबाबांकडे गेली. त्यांची बांबूपुराणं सुरू झाली की सगळे पळ काढत. ती बसून राहिली. "तिसऱ्या वर्षाचाच बांबू तोडावा, पोरी. कोंबाला हात लावू नये. आणि बेट तोडलंच नाही तर ते कोंदतं, मरतं!" गोष्ट संपली आणि एक मणी लालचुटूक झाला!

मग शेजारचा छोटा गण्या. तो अडखळत बोलायचा, म्हणून त्याचं वाक्य दुसरेच पुरं करायचे. सगुणानं नाही केलं. "ता...ता...ताई, मला पण वि...विणायला शिकव." दुसरा मणी पिवळाधमक!

तिसरा काही केल्या उजळेना. आणि आठवा दिवस उजाडलासुद्धा!

दरबार गच्च भरला होता. "बोल!" राणी कडाडली. सगुणाची जीभ टाळ्याला चिकटली. तिनं मान वर केली, तर राणीचे डोळे जागरणानं लाललाल.

"राणीसाहेब," ती कशीबशी म्हणाली, "कुंपण का घालताय? आधी तुम्ही सांगा ना."

राणी थबकली. "'का?' असं मला कुणी विचारलंच नाही गं. माझी तान्ही राजकन्या बांबूंची सळसळ ऐकली तरच झोपते. तुम्ही सगळं बेट तोडून टाकाल, या भीतीनं माझा डोळा लागत नाही."

प्रधानजी खाकरले. सगुणा मात्र शेवटच्या शब्दापर्यंत गप्प राहिली. कमरेच्या गाठीत तिसरा मणी निळाशार चमकला! आणि सगुणा बोलू लागली.

"राणीसाहेब, बाळाची सळसळ आम्ही कशी हो बंद करू? आम्ही तिसऱ्या वर्षाचाच बांबू घेतो, कोंब राखतो. कुंपण घातलंत तर तोड थांबेल आणि बेट कोंदून जाईल. वाराच शिरणार नाही, मग सळसळणार काय? बेट आम्हाला भाकर देतं आणि बाळाला झोप. दोघांचं राखू या!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की हिरोजी दांडीवरून पडता पडता राहिला! कुंपण रद्द झालं, बेटाची राखण आळीकडे आली. राजवाड्याची सगळी सुपं-टोपल्या सगुणाच्या आईनं विणायची ठरली, आणि चुलीवर रोज भाकरी भाजू लागली.

सगुणा धावत बेटात गेली. टकटक! "परी, मी बोलले! सगळ्यांसमोर बोलले!" मग ती एकदम थांबली. "आणि तुझं गं? तुझं कुणी ऐकतं का?"

परीचे डोळे भरून आले. "शंभर वर्षं मी या कांड्यात अडकलेय गं. विचारलं नाही कुणी."

सगुणानं कोयता बाजूला ठेवला आणि मांडी घातली. परी सांगत राहिली, तिच्या ढगातल्या घराबद्दल, वाट पाहणाऱ्या बहिणींबद्दल. शेवटचा शब्द संपला आणि सगळं बेट झगमगून उठलं. त्या उजेडात परी उडाली, थेट घरी गेली. सगुणाच्या ओंजळीत चौथा मणी लखलखत होता. तो तिनं गण्याला दिला.

झालं बाई माझं सांगून. आता तुम्ही बोला, मी ऐकते.