गुलबाजची बोअर

लांबलेली लढाई एकदाची संपली आणि उघड्याबोडक्या डोंगराखालच्या एका गावात माणसे परतू लागली. पाऊस तिथे नावालाच. डोंगरातल्या झऱ्यापासून एक पाट निघे, त्यावरच सगळी शेती. पाटाच्या तोंडाशी जरमीना नावाच्या विधवेचे शेत होते आणि पाणी सोडायचे लाकडी दारही तिच्याच हद्दीत. खालचे शेत गुलबाजचे.

लढाईत गुलबाजच्या टोळीने जरमीनाचे घर जाळले होते. तिचा नवरा त्यात गेला; ती आणि तिच्या पोरी वाचल्या. हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. बोलत कोणी नव्हते.

गुलबाजने जव पेरला, पण पाटाचे पाणी जरा कमी झाले की तो वर लाकडी दाराकडे बघत राही.

"तिने दार लावलं तर आपण संपलो," तो बायकोला म्हणाला.

"मग जाऊन बोला तिच्याशी," साबिरा म्हणाली.

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

तो गेला नाही. शहरातून मशीन आणून त्याने खोल बोअर घेतली. पाणी उसळून आले, तशी त्याने चराऊ रानही नांगरून कापूस लावला. पंप सतत चालू. तरी भीती जाईना. कोणी पंप फोडेल म्हणून तो आता बंदूक घेऊन बसू लागला.

उन्हाळ्यात झरा आटला. गावाचा जव करपला.

एका दुपारी जरमीना खांद्यावर कुदळ टाकून येताना दिसली. गुलबाजने घरात शिरून कडी लावली. बंदूक दाराकडे रोखून तो उभा राहिला.

"तू खालून पाणी ओढतोस, म्हणून वर झरा आटला," ती बाहेरून म्हणाली. "पंप बंद कर."

"आणि मग तू पाटाचं दार लावलंस तर?"

"रोज मनात यायचं. दारावर हात ठेवून परत फिरायचे."

"का?"

"तुझी भीती. पाणी तोडलं तर पोरींसकट घर पेटवशील, असं वाटायचं."

 गुलबाजने बंदूक साबिराच्या हाती देऊन कडी काढली आणि रिकाम्या हाताने तिच्यासमोर उभा राहिला.

"तुझं घर मीच पेटवलं होतं."

"ठाऊक आहे," जरमीना म्हणाली. "आधी पंप काढ."

त्याने पंप काढला. कापूस वाळला. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ पडले आणि ते वितळू लागले, तेव्हा कुठे झरा पुन्हा पाझरू लागला. त्या पाण्यावर भिजेल तेवढीच जमीन गावाने पेरली, बाकीची गुरांना सोडली. त्या दोघांची मैत्री काही झाली नाही. पण पाटातला गाळ काढायला दोघेही उतरले.

तात्पर्य: भीतीपोटी एकट्याने ओढलेले पाणी सगळ्यांचा झरा आटवते. ज्याची भीती वाटते, त्याच्याशी आधी बोलावे.