हिअर आणि लिसन

साहेबाच्या बंगल्यातून सुटलेल्या राघूनं चिंचेवर मैनांसाठी इंग्रजीची शाळा काढली, तेव्हाची गोष्ट. "हिअर म्हणजे ऐकणे. लिसन म्हणजेही ऐकणे. घोका!" तो दरडावायचा.

एका दुपारी माळावरची टिटवी जीव तोडून ओरडू लागली, "राघूदादा, साप तुमच्या ढोलीकडे चढतोय!"

"हिची रोजचीच टिवटिव," राघू खेकसला आणि त्यानं धडा पुढे चालू ठेवला.

धडा संपवून तो पलीकडच्या वडावर परतला, तर ढोलीत एकही पिल्लू उरलं नव्हतं.

टिटवीनं हळूच विचारलं, "दादा, माझा आवाज पोचला नाही का?"

"ऐकू आलं होतं गं," राघू म्हणाला. "मी ऐकलं नाही."

चिंचेवर मैना अजून घोकतच होत्या, "हिअर म्हणजे ऐकणे, लिसन म्हणजेही ऐकणे."