पानिपतावरचं अमेरिकन पिस्तूल

पूर्वज पानिपतावर लढला नाही असं सरदार घराणं आमच्या गावात शोधूनही सापडायचं नाही. त्यातले सर्जेराव फडतरे जरा जास्तच लढवय्ये, म्हणजे बोलण्यात. त्यांना जुन्या अमेरिकन पिस्तुलांचा शौक होता. एकदा भरलं की ओळीने सहा बार उडवणारी दुर्मिळ पिस्तुलं त्यांनी जमवली होती. गावच्या संग्रहालयाचे अध्यक्षही तेच, त्यामुळे तिथे वस्तूंची पारख करणाऱ्या इंदुमती चौबळांची नोकरी त्यांच्याच मुठीत होती.

पिस्तुलांच्या प्रदर्शनाला भर पाहुण्यांत सरदारांनी एक पिस्तूल उचललं. "हे आमच्या पूर्वजांनी पानिपतावर चालवलं. बाई, तशी पाटी लिहा."

नळीवर अमेरिकन कारखान्याचा शिक्का होता. इंदुमतीबाई हळूच म्हणाल्या, "सरदार, हा कारखानाच पानिपतानंतर पाऊणशे वर्षांनी निघाला."

"आमच्या घराण्याला खोटं ठरवता? पाटी लिहा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

"लिहिते की." बाई मोठ्याने वाचत लिहू लागल्या, "पानिपतावर सहा बारांचं पिस्तूल साऱ्या रणात एकट्या फडतऱ्यांकडे होतं. तरीही आपण हरलो." मग मान वर करून त्यांनी विचारलं, "नेम धरणाऱ्याचं नाव ठळक घालू ना?"

पाहुण्यांना एकदम खोकला आला. सरदारांनी पाटी हिसकावली. "छे, छे! हे तर आजोबांनी मुंबईच्या लिलावात घेतलेलं!"

आता आमच्या गावात पानिपताला न गेलेलं एक तरी सरदार घराणं आहे. फडतऱ्यांचं.